फणसाच्या खोडासाठी मोठा कटर (चेनसॉ): जुनं मशीन घेण्याच्या नोंदी

11 ऑक्टोबर 2020, रविवार

निसर्ग वादळात, 3 जूनला, परसातला फणस मुळासकट आडवा झाला तो अजून तिथेच आहे. फांद्यांचं सरपण केव्हाच झालं, पंचनामाही तेव्हाच झाला. उरलंय ते सोळा फुटांचं सरळ खोड, बुडाशी 28 इंच. सुतारकाकांनी आज वाकसानं ढलपी काढून पाहिली. सालीलगतचं पांढरं लाकूड भुंग्यानं पोखरलंय, पण आतला गाभा पिवळाधमक. "दोन दारं आणि एक देव्हारा सहज निघेल. पण पुढच्या पावसापर्यंत असंच ठेवलंस तर मला बोलावू नकोस," असं बजावून गेले.

वखारीत नेणं शक्य नाही. खोडाचे आठ-आठ फुटांचे दोन तुकडे केले तरी बुडाचा तुकडा पाऊण टनाच्या वर भरेल. मध्ये दोन गडगे आणि जांभ्याच्या पायऱ्या, टेम्पो येतो तो वरच्या रस्त्यापर्यंतच. म्हणजे जिथे पडलंय तिथेच फळ्या पाडायच्या. फणस 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमातल्या यादीत आहे, म्हणून वनखात्याच्या कार्यालयात जाऊन आलो. वादळात पडलेलं, स्वतःच्या जागेतलं, लाकूड घरीच वापरणार, असा अर्ज देऊन पोच घेतली.

आता मशीन. घरचा कटर 52 सीसीचा, 18 इंची बारचा (चेन जिच्या कडेनं फिरते ती लांब पट्टी). फांद्यांना झकास, या कामाला निरुपयोगी. खोड उभं चिरायचं म्हणजे बारला चौकट अडकवून कटर आडवा ढकलत न्यायचा. चौकट बारची पाच-सहा इंच लांबी खाते, म्हणून 28 इंचांसाठी 36 इंची बार हवा. आडव्या कापात मशीनला मधेमधे विसावा मिळतो. चिरताना मिनिटांमागून मिनिटं पूर्ण थ्रॉटल. 72 सीसीचं, स्टिल कंपनीचं एमएस 382 इकडे बऱ्याच ठेकेदारांकडे दिसतं, चांगलं मशीन आहे, पण या कामात ते रडेल. 90 सीसीच्या वर्गातलंच हवं: स्टिलचं एमएस 660 किंवा त्यानंतरचं 661, नाहीतर हुस्कवार्नाचं 395. नव्याचं कोटेशन लाखावर गेलं, म्हणून जुनं.

जुन्या बाजाराचा या वर्षीचा रंग वेगळा आहे. जूनमध्ये दापोली-मंडणगडात रस्ते, घरं, विजेच्या तारा, सगळ्यांवर झाडं. ज्याला जमलं त्यानं कटर घेतला आणि हातात येईल त्या पेट्रोलवर, अंदाजानं टूटी (टू-स्ट्रोकचं ऑइल) ओतून, दिवसभर पळवला. ती मशीनं आता विकायला निघालीत. "फक्त चार महिने वापरलेलं" ही जाहिरात यंदा मला सगळ्यात धोक्याची वाटते. ठेकेदारानं पाच वर्षं वापरलेलं मशीन त्यापेक्षा बरं असायची शक्यता जास्त, कारण बंद पडलं तर त्याचा रोज बुडतो.

18 ऑक्टोबर, रविवार

चिपळूणला पहिलं मशीन पाहिलं. भावोजी खेडहून थेट आले. त्यांचं दुचाकी आणि पॉवर टिलरचं गॅरेज आहे, टू-स्ट्रोकमध्ये त्यांचा हात बसलेला. सोबत घेतलेलं सामान थोडकं: टी-27 ची लांब टॉर्क्स की, प्लग पाना, कॉम्प्रेशन गेज, टॉर्च, ताजं मिसळलेलं लिटरभर पेट्रोल. स्टिलच्या या मशीनवरचे जवळजवळ सगळे स्क्रू टी-27 नं उघडतात, त्यामुळे एका कीवर तपासणी होते.

मशीनवर 660 लिहिलेलं, रंग नारिंगी-पांढरा, चकचकीत. सुरू झालं, आवाजही मोठा. पण क्रँककेसच्या (इंजिनाच्या तळाच्या पेटीच्या) धातूत ठोकलेला नंबर हवा तिथे कोरी जागा. प्लॅस्टिकच्या कडा हाताला टोचणाऱ्या. टॉर्चनं सिलिंडर पाहिला तर माले किंवा कोल्बेनश्मिट, अस्सल सिलिंडर बनवणाऱ्यांपैकी कुणाचीच ओतीव खूण नाही. चिनी नक्कल. मालकाला स्वतःलाही माहीत नसावं. त्यानं वादळाच्या गडबडीत कुणाकडून तरी घेतलेलं.

नक्कल म्हणून ती टाकाऊच असं मी म्हणणार नाही. नकलेच्या भावात मिळाली आणि फिटिंग स्वतः पुन्हा केलं तर ती कामं करते. अडचण वेगळी आहे. 660 च्या नकलेचे भाग अस्सल मशीनला बसतात आणि उलटही. म्हणजे बाजारात अर्धी-अर्धी मशीनंही फिरतात: नंबर ठोकलेला अस्सल क्रँककेस, वर नकली सिलिंडर. नुसता नंबर पाहून समाधान मानायचं नाही, सिलिंडरही पाहायचा. हा माणूस अस्सलच्या भावात अडून बसला. चहा घेऊन निघालो.

25 ऑक्टोबर, दसरा

कोयत्या, कुऱ्हाड, पहार आणि छोटा कटर, सगळ्यांना झेंडूची फुलं. कराडच्या बाजूला एका वखारीत स्टिलचं जुनं 070 आणि कोल्हापुरात एका लाकूड ठेकेदाराकडे 660 असल्याचं कळलं. दोन्ही एकाच फेरीत करायचं ठरलं.

ठेकेदाराला फोनवर एकच विनंती केली: आम्ही येईपर्यंत मशीन चालू करू नका.

1 नोव्हेंबर, रविवार

कुंभार्ली घाटानं वर. 070 पाहून मन हललं, खोटं कशाला बोलू. जवळपास 106 सीसी, कमी फेऱ्यांवर चालणारं, बैलासारखं ओढणारं. .404 पिचची जाड चेन. फळ्या चिरणारे जुने लोक याची अजून आठवण काढतात. वखारवाले आजोबा मशीनशेजारी खुर्ची टाकून बसले होते, विकायची घाई अजिबात नव्हती.

सुरू करून हातात धरलं आणि अर्ध्या मिनिटात निर्णय झाला. या नगात ना चेन ब्रेक, ना हँडल आणि इंजिन यांच्यामध्ये रबर. सगळा धक्का थेट मनगटात. फळ्या चिरायच्या म्हणजे तासन्‌तास हे सहन करायचं. अशा हादऱ्यांनी पुढे बोटं बधिर होऊन पांढरी पडतात, आणि ते दुखणं मग आयुष्यभराचं. आजोबांच्या उजव्या हाताची दोन बोटं थंडीत काम करत नाहीत, हे त्यांनीच सांगितलं, अगदी सहज. मशीनचं कौतुक करून पुढे निघालो.

2 नोव्हेंबर, सोमवार

कोल्हापूर. ही नोंद लांबणार.

ठेकेदारांनी 661 घेतल्यामुळे 660 रिकामं पडलंय, असं त्यांचं म्हणणं, आणि शेजारी 661 दिसतही होतं. पहिल्यांदा मफलरला (सायलेन्सरला) हात लावला. थंडगार. शब्द पाळला होता. गरम मशीन कसंही सुरू होतं, खरी परीक्षा थंड मशीनची.

सुरू करण्याआधी बाहेरून. नंबर ठोकलेला, सिलिंडरवर मालेची खूण. मागच्या हँडलला भेग नाही. हादरे शोषणारे रबरी बफर दोन नरम पडलेत, एक फाटायच्या बेतात. चेन पकडणारा छोटा तुकडा तुटलेला: किरकोळ भाग, पण चेन तुटली तर हातापर्यंत येऊ न देणारा तोच. चेन ब्रेकची पट्टी ठीक. क्लचचा ड्रम हलवला तर किंचित डुगडुगला. आतलं सुईचं बेअरिंग संपत आलंय. स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) चेननं खोल खाचा पाडलेल्या. बारच्या कडा एका बाजूनं झिजून पसरलेल्या. बार-चेन मला तशीही नवीच घ्यायची होती, पण भाव करताना हे उपयोगी पडतं. स्टार्टरचं झाकण काढून मॅग्नेटची (पंख्यासारख्या चाकाची) पाती मोजली, सगळी शाबूत. तुटलेलं पातं म्हणजे मशीन कधीतरी झाडाखाली आलेलं. मॅग्नेट वर-खाली हलवून पाहिला, क्रँकच्या बेअरिंगला खेळ नाही. पुढे सगळं या एका गोष्टीवर अवलंबून राहणार होतं, तेव्हा लक्षात आलं नसलं तरी.

एअर फिल्टर काढला. फिल्टरच्या आतल्या बाजूला, कार्बोरेटरच्या तोंडाशी, बोट फिरवलं. स्वच्छ. इथे भुसा असता तर पुढचं पाहायची गरज नव्हती.

मग मफलर. ठेकेदार जरा कुरकुरले, "अहो, चालू मशीन उघडून काय बघताय?" भावोजी हसून म्हणाले, "दादा, सोयरीक जमवायची तर घर बघायला नको?" स्क्रू सुटले. एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून दोरी हळूहळू ओढली, पिस्टन खाली-वर झाला. एक्झॉस्टच्या बाजूला पिस्टनवर बारीक उभ्या रेघा. खोल नाहीत. लाकडी काडीनं रिंग दाबून पाहिली, खोबणीत मोकळी हलते, चिकटलेली नाही.

इथे थांबून थोडं लिहून ठेवतो, कारण सौदा या रेघांभोवती फिरला. पेट्रोलमध्ये ऑइल विसरलेलं असेल तर पिस्टन चारी बाजूंनी घासतो. फिल्टरमधून धूळ गेली तर इनटेकची बाजू घासून मंद, धुरकट होते. नुसत्या एक्झॉस्टच्या बाजूला रेघा म्हणजे उष्णता: मशीन पेट्रोल कमी आणि हवा जास्त घेऊन पळालंय. ती जास्तीची हवा एकतर कार्बोरेटर चुकीचा लावल्यानं येते, नाहीतर कुठूनतरी गळतीनं आत शिरते. पहिलं कारण फुकटात सुटतं, दुसरं नाही.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) 130 पीएसआय. डीकॉम्प्रेशनचं (दोरी सहज ओढता यावी म्हणून दाब सोडणारं) बटण वर, थ्रॉटल पूर्ण दाबलेलं, काटा थांबेपर्यंत दोरी ओढायची. आमचा गेज गाडीचा, लांब नळीचा, तो थोडं कमीच दाखवतो, हे घरच्या कटरवर माहीत आहे. 150 च्या पुढे असतं तर आनंद झाला असता, 110 असतं तर उठलो असतो.

आता सुरू केलं, आमच्या पेट्रोलवर. चोक, बटण, दोन-तीन झटक्यांत पेटलं. पूर्ण थ्रॉटलला आवाज जाड, धूर भरपूर. ऐकायला निरोगी. पण थ्रॉटल सोडल्यावर फेऱ्या लगेच खाली येईनात, वर रेंगाळल्या आणि मग बसल्या. मशीन आडवं केलं, स्टार्टरची बाजू खाली, तर आयडल (थ्रॉटल सोडल्यावरचा मंद वेग) आपोआप चढलं. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी बंद करून कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण वेगाचं पेट्रोल ठरवणारा) मोजत आत घेतला. साधारण एक फेरा उघडा असायला हवा, होता पावणेदोन. जास्त पेट्रोल पाजून गळती झाकलेली. ठेकेदारांनी मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही. कुणा मेकॅनिकनं "आता बरं चालतंय" म्हणून फिरवून दिलं असेल, आणि ते खरंच बरं चालत होतं.

मागणी 38,000. रेघा, क्लचचं बेअरिंग, बफर, स्प्रॉकेट आणि वर-खाली होणारं आयडल, एकेक दाखवत गेलो. ठेकेदार म्हणाले, "बारा महिने चालवलंय, एकदा कंप्लेंट नाही." भावोजी म्हणाले, "म्हणूनच तर घेतोय. पण आयडल कशानं चढतं ते उघडल्याशिवाय कळायचं नाही, आणि उघडायचा खर्च आमचा." 31,000 ला सौदा ठरला. कागदावर नंबर लिहून सही घेतली. चोरीचं मशीन गळ्यात पडू नये म्हणून हा कागद हवाच.

ऑइल पंप परतताना रिकाम्या सिमेंटच्या पिशवीवर पाहिला: बारचं टोक पिशवीकडे धरून थ्रॉटल दिला की ऑइलची रेघ उमटते. उमटली.

8 नोव्हेंबर, रविवार

भावोजींच्या गॅरेजमध्ये टेबलावर. आज काहीच दुरुस्त करायचं नाही, फक्त गळती शोधायची, असं ठरवूनच बसलो.

मफलरच्या खाली रबराचा तुकडा घालून एक्झॉस्ट बंद केलं, कार्बोरेटरच्या जागी पत्रा लावून इनटेक बंद. इम्पल्सच्या नळीला (क्रँककेसमधून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या) हातपंप जोडला, जो दाबही देतो आणि व्हॅक्यूमही. आधी दाब 0.5 बार (इथे बार म्हणजे दाबाचं एकक). साबणाचं पाणी सगळीकडे: सिलिंडरचा तळ, डीकॉम्प्रेशनचं बटण, इनटेकचं रबर, क्रँकची दोन्ही टोकं. एकही बुडबुडा नाही. काटा जागचा हलला नाही.

बरेच मेकॅनिक इथेच थांबतात आणि "गळती नाही" सांगतात. क्रँकच्या टोकांवरच्या ऑइल सीलचा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याचा) ओठ आतून दाब आला की शाफ्टला अधिकच चिकटतो. आतून ओढ लागली की मगच सुटतो. इंजिनात दोन्ही आळीपाळीनं होतं, म्हणून दोन्ही तपासायला हवं. व्हॅक्यूम 0.5 वर नेला आणि वीस सेकंद मोजायचे ठरवले. 0.3 पर्यंत आला असता तरी चाललं असतं. पाच सेकंदांत काटा जवळजवळ शून्यावर.

कोणतं सील? मॅग्नेट पुलरनं काढला, क्लचही काढला. क्लचचे आटे उलटे असतात, सवयीनं डावीकडे फिरवाल तर अजून घट्ट होईल. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरीचा गुंडाळा आत सरकवला. लोखंडी बोल्ट घालून अडवणारे पिस्टनच्या माथ्याला भोक पाडून बसतात. दोन्ही सीलांवर ऑइलचा एकेक थेंब सोडून पुन्हा व्हॅक्यूम. क्लचकडचा थेंब तसाच राहिला. मॅग्नेटकडचा डोळ्यांदेखत आत गेला.

सीलचं रबर दगडासारखं टणक झालंय. शाफ्टवर नख फिरवलं, खाच नाही. बेअरिंगला खेळ असता तर नवं सीलही काही महिन्यांत गेलं असतं आणि मग क्रँककेस फोडावी लागली असती. खेळ नाही. सील केवळ वयानं गेलं.

15 नोव्हेंबर, रविवार

दिवाळी. भावोजी-ताई आणि मुलं इकडे. कटरवर चर्चा करायला ताईनं बंदी घातली. सुट्या भागांची ऑर्डर गुरुवारीच गेली.

22 नोव्हेंबर, रविवार

भाग आले. दोन ऑइल सील 700, रिंगांसह पिस्टन 5,800, कार्बोरेटरचा डायाफ्राम संच 450, बफर आणि चेन-पकड 650. क्लचचं सुईचं बेअरिंग मिळालं नाही, ते नंतर.

पिस्टन हातात असूनही आज घातला नाही. क्रँकच्या टोकाला टेप गुंडाळून, म्हणजे नव्या सीलचा ओठ आट्यांवर कापला जाऊ नये, दोन्ही सील बसवले. क्लचकडचं बरं होतं, पण त्याचंही वय तेवढंच, आणि तिथे पोचायला ऑइल पंप काढावा लागतो. तो काढलेलाच होता. जुन्याच पिस्टनवर पुन्हा व्हॅक्यूम. वीस सेकंदांत 0.5 वरून 0.45. आता पिस्टनचं पाकीट फोडायला हरकत नाही.

गॅरेजमध्ये बसलेला एक गिऱ्हाईक म्हणाला, त्याच्या कटरचं सिलिंडर-पिस्टन वर्षभरात दोनदा बदललं, दोन्ही वेळा "डुप्लिकेट माल" म्हणून दुकानदाराशी भांडला. भावोजींनी विचारलं, सील कधी बदललं? तो म्हणाला, कसलं सील?

29 नोव्हेंबर, रविवार

सिलिंडर काढला. आतल्या टणक निकासीलच्या थरावर पिस्टनचं ॲल्युमिनियम दोन ठिकाणी चिकटलेलं. खाली थर शाबूत आहे का, नख अडकतं का, पाहिलं. अडकत नाही. चिकटलेल्या रेघांवरच कानकोरण्याच्या कापसानं ॲसिड, थेंबथेंब. ॲल्युमिनियम फसफसून निघतं, निकासील तसाच राहतो. मात्र पोर्टच्या कडांना आणि उघड्या धातूला ॲसिड लागलं तर तोही खातो, म्हणून घाई नको. खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतलं, मग साबणानं, मग कोरडं करून ऑइल. हे मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून.

पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे. पिनच्या दोन्ही क्लिपा नव्या. जुनी क्लिप वाचवून कुणी श्रीमंत होत नाही. संध्याकाळपर्यंत बंद. त्याच गेजवर कॉम्प्रेशन 155, रिंगा अजून बसायच्यात.

6 डिसेंबर, रविवार

ट्यूनिंग. कंपनीच्या ऑइलला 50:1, म्हणजे पाच लिटरला 100 मिली. दुसरं कुठलं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर 25:1, पाच लिटरला 200 मिली, हे मॅन्युअलमध्येच आहे. सुरुवातीच्या काही टाक्या थोडं जास्तच घातलं.

एच स्क्रू एका फेऱ्यावर आणला. थ्रॉटल सोडला की फेऱ्या लगेच खाली. आडवं, उलटं, तिरकं केलं, आयडल जागच्या जागी. टॅकोमीटरवर (मिनिटाच्या फेऱ्या मोजणाऱ्या यंत्रावर) बार-चेनसकट 13,500 ही कंपनीची कमाल. चिरायच्या कामासाठी मी 12,500 च्या आसपास ठेवलं, म्हणजे थोडं ओलं, पेट्रोल जरा जास्त. रिकामं पळताना आवाज थोडा फुटका येतो, लाकडात शिरलं की साफ होतो. हा फरक कानाला कळला की टॅकोमीटर नसला तरी चालतं. शेजारच्या आंब्याच्या वाळक्या ओंडक्यावर जुन्याच बारनं आडवे काप घेतले. तक्रार नाही.

13 डिसेंबर, रविवार

36 इंची बार आणि 114 ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची) 3/8 चेन, मिळून 9,700. मशीन, भाग आणि हे धरून हिशेब 48,300 वर आला. चौकट फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपची करून घेतली, ती वेगळी.

चेन विकत आली ती 30 अंशांच्या धारेची, आडव्या कापाची. 5.2 मिलिमीटरच्या गोल कानशीनं प्रत्येक दात 10 अंशांवर आणला. दोन संध्याकाळी गेल्या. कंटाळवाणं काम, पण फळीचा पृष्ठभाग त्यावरच ठरतो. बारवर टाकायला जळकं ऑइल वापरायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. त्यातला धातूचा बारीक कस पंप आणि बार दोन्ही खातो, शिवाय पाठीमागे उभ्या माणसाच्या अंगावर उडतं. नाही.

20 डिसेंबर, रविवार

पहिली फळी. खोडावर लोखंडी अँगलची शिडी ठोकून पहिला काप सपाट घेतला, पुढचे काप त्याच सपाटीवर चौकट सरकवत. सुतारकाका पाचर घेऊन मागे, म्हणजे काप मिटून बारला चिमटा बसू नये. हेल्मेट, कानांवर मफ, पायात कापरोधक पँट, तोंडाला मास्क. मास्कची या वर्षी सगळ्यांनाच सवय.

ठेकेदारांकडे ऐकलेल्या त्या जाड आवाजापेक्षा मशीनचा आताचा आवाज किती वेगळा आहे, हे पहिल्या दोन फुटांत कळलं. आठ फुटांच्या एका कापाला जवळजवळ एक टाकी, म्हणजे पाऊण लिटरच्या थोडं वर. चेन एका कापात साधारण 9 मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, वखारीतला बँडसॉ त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात भागवतो. सुतारकाका प्रत्येक फळीमागे भुश्याकडे पाहून उसासा टाकत होते. फणसाचा चीक सहा महिन्यांनंतरही पूर्ण सुकलेला नाही. बारच्या खाचेत चिकट लगदा होतो, दर टाकीला पत्र्याच्या पट्टीनं खरवडावा लागतो, चेन दोन कापांनंतर कानशीवर. कापल्यावर इंजिन लगेच बंद न करता थोडं आयडलला ठेवत होतो, थंड व्हायला.

मधल्या कापांना फळ्या बावीस-चोवीस इंच रुंद निघाल्या. फळ्यांच्या टोकांना ऑइल पेंट फासला, गोठ्याच्या माळ्यावर पट्ट्या घालून थर लावले. सुतारकाकांनी सांगितलं, पुढच्या दिवाळीआधी रंधा लावू देणार नाही.

10 जानेवारी 2021, रविवार

दोन्ही तुकडे संपले. पुढचं कुठलंही काम घेण्याआधी मशीन पुन्हा टेबलावर.

व्हॅक्यूम 0.5, वीस सेकंदांनी 0.45, नोव्हेंबरमध्ये होता तेवढाच. कॉम्प्रेशन 165. मफलर काढून टॉर्च मारली, पिस्टनच्या एक्झॉस्ट बाजूला यंत्रावर घासलेल्या मूळच्या आडव्या रेषा दिसतात, उभी रेघ एकही नाही. प्लग चॉकलेटी. क्लचचं बेअरिंग अजून आलेलं नाही आणि ड्रमची डुगडुग वाढलीय, ते आल्याशिवाय मशीन बाहेर काढायचं नाही. बारच्या कडा घासून चौरस केल्या, बार उलटा बसवला.

वरच्या वाडीतल्या काकांचा निरोप आला, त्यांच्याही परसात वादळात पडलेलं ऐनाचं झाड आहे, मशीन दोन दिवस द्याल का. मशीन देणार नाही, चिरून देईन म्हटलं. ऐनही त्याच यादीत असल्यामुळे आधी त्यांना वनखात्यात अर्ज द्यायला सांगितलाय. बेअरिंग आणि पोच, दोन्ही हातात आल्यावर तारीख ठरेल.